मधलं मीठ

पहिली बॅच फुकट गेली. दुसरीही.
तिसरीचा फोटो धारवाडहून आला तेव्हा
पाच नॅनोमीटरचे सुटे कण दिसायला हवे होते तिथं
गुळाच्या ढेपेसारखा एकच काळा गठ्ठा.
लोखंड आणि प्लॅटिनम. माझ्या तीन महिन्यांच्या स्टायपेंडचं.
सर काही बोलले नाहीत,
चष्मा पुसत राहिले.

अडचण सांगायला साधी आहे.
सातशे अंशांची आच लागल्याशिवाय
अणू आपापल्या ओळीत बसत नाहीत,
ओळीत बसल्याशिवाय चुंबक अंगात धरत नाही.
पण त्याच आचेत
दोन कणांच्या मध्ये आधी एक मान फुटते,
मान जाड होत जाते,
मग कोण कुठला ते विचारायचं राहत नाही.

बाबांनी उद्यमबागेत एकतीस वर्षं मोल्डिंग केलं.
पंपांच्या बॉड्या, ट्रॅक्टरची बेअरिंग हाउसिंग,
नखांतली काळी माती निवृत्तीनंतरही गेली नाही.
रात्री जेवताना गठ्ठ्याचं सांगितलं
तर भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"आणि मधी काय मारत नाहीस व्हय?"
मी बघतच राहिले.
"खालची पेटी, वरची पेटी. मधी कोरडी पूड मारायची,
पुरचुंडीतनं, हलक्या हातानं.
नायतर माती मातीला धरती.
उचलाय गेलीस की सगळंच वर येतंय."

मीठ वापरतात, हे मी वाचलं होतं. खोटं कशाला बोलू.
ती छापील प्रत तीन वर्षं कपाटात होती,
पिवळी खूण लावून.
वाचलेलं आणि पटलेलं यांच्या मध्ये
कधी कधी एक जेवण लागतं.

एका भागाला शंभर भाग मीठ.
दळणाचं भांडं रात्रभर फिरलं,
वॉचमन सकाळी म्हणाला, आत कोण गोट्या खेळत होतं?
थर्मोकपल बदलायला मच्छेहून इराप्पा कम्मार आला,
राखाडी पूड चिमटीत घेऊन म्हणाला, "उप्पु?"
"हूं. उप्पु."
"नळी खाऊन टाकतंय बघा हे, बाई."

आठशे एकला मीठ वितळतं.
आम्ही सातशेवर थांबणार होतो.
मधले एकशे एक अंश, आणि इराप्पानं घट्ट केलेले दोन स्क्रू,
एवढ्याच भरवशावर मी गॅस सोडला
आणि चार तास स्टुलावरून उठले नाही.

त्याच आठवड्यात पुण्याचे एक पाहुणे आले.
सगळं ऐकून घेतलं, मग हसत म्हणाले,
"तुम्हा सीमाभागातल्या लोकांना हे बरोबर सुचणार.
जवळ राहायचं, पण मिसळायचं नाही!"
सर हसले. मी नाही.
माझ्या वहीत तापमान मराठीत लिहिलेलं असतं,
इराप्पाचा फोन नंबर कन्नडमध्ये, त्याच्याच हातानं,
आणि कणांना यातलं काही वाचता येत नाही.
चहा घ्या, म्हटलं मी त्यांना.

मग धुणं.
पाणी घालायचं, ढवळायचं, खाली बसू द्यायचं, वरचं ओतायचं.
सात वेळा.
मीठ सिंकमधून गेलं बेळगावच्या गटारात,
सातशे अंशांत राहून आलेलं,
चवीला बहुतेक तसंच.
प्रत्येक पाण्यात ओलेइक आम्लाचे थेंब,
कारण आता ते खरे चुंबक होते,
उघडे सोडले तर गार पाण्यातही एकमेकांना ओढणार.
आगीतून वाचवलेलं बाटलीत घालवायचं नव्हतं.

फोटो आला सोमवारी.
ठिपके. सुटे.
तांदूळ निवडायला ताटात पसरावेत तसे.

बाबांना मोबाइलवर दाखवला.
अंगठ्यानं मोठा करत, सरकवत, कोपऱ्यापर्यंत गेले
आणि थांबले.
तिथं दोघं होते, मधे बारीक मान.
मला वाटलं होतं, त्यांना दिसणार नाही.

"हे?"
"राहिले तेवढे."
"मधी किती मारलं होतंस?"
"एकाला शंभर."
मोबाइल परत दिला, चष्मा कपाळावर ढकलला.
"अजून मार."